चालते, पण कळते का?

'उमेदवार' हा शब्द हल्ली निवडणुकीच्या दिवसांतच कानावर पडतो. आपल्या आजोबांच्या काळी मात्र उमेदवार म्हणजे काम शिकायला ठेवलेला मुलगा. वकिलाच्या कचेरीत, छापखान्यात, सोनाराच्या दुकानात, शिंप्याच्या मशीनशेजारी असा एखादा उमेदवार असायचाच. त्याला पगार नसे, असला तर चहापाण्यापुरता. आधी झाडलोट, मग नुसते पाहणे, मग हाताखाली देणे-घेणे, आणि पुष्कळ दिवसांनी स्वतःच्या हाताने एखादे काम. या शब्दात 'उमेद' आहे. शिकणाऱ्याला आशा असते आणि शिकवणाऱ्यालाही त्याच्याविषयी आशा असते, म्हणून तो उमेदवार.

त्याच अवस्थेला आपली मुले आता इंटर्नशिप म्हणतात. सरकारी कागदावर जुना शब्द टिकून आहे. शिकाऊ उमेदवारांचा १९६१ चा कायदा आजही लागू आहे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. तिच्यात बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविका झालेल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० असे विद्यावेतन ठरवले. अभियांत्रिकीची मुले तर कॉलेजात शिकत असतानाच इंटर्नशिपला जातात. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वीणा आणि टाळ आहेत, त्या घरातला नातू आता संगणकासमोर उमेदवारी करतो, आणि वारीची पिशवी भरणाऱ्या आजोबांना सांगतो, "आबा, यंदा सुटी नाही मिळत."

म्हणून हा विषय आपल्या वाचकांपुढे ठेवतो आहे. आपल्या मुलांपुढे या उमेदवारीत एक प्रश्न रोज उभा राहतो. आपल्याला न कळलेले, पण नीट चालणारे काम 'हे मी केले' म्हणून पुढे सरकवावे का? प्रश्न लहान दिसतो. परंतु त्याच्या तळाशी ज्ञान, श्रद्धा आणि जबाबदारी ही तिन्ही आहेत, आणि आपल्या संप्रदायाला या तिन्हींविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

नागपुरात सॉफ्टवेअरचे मोठे काम मिहानमध्ये चालते. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांची कार्यालये तिथे आहेत. परसोडीचा आयटी पार्क त्याआधीचा. याखेरीज शहरात ठिकठिकाणी दहा-पंधरा माणसांची लहान कार्यालये आहेत, तशी धंतोलीतही आहेत. धंतोली ही नागपुरातली डॉक्टरांची वस्ती. १९२८ पासूनचा रामकृष्ण मठ इथे आहे, त्याचा धर्मादाय दवाखानाही आहे. आजूबाजूच्या गल्ल्यांत एकाला लागून एक रुग्णालये. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, शिवाय छिंदवाडा, बालाघाट आणि बैतूलकडचे लोकही इथे येतात. सकाळी दहाच्या सुमारास या रस्त्यांवरून चालणे कठीण. हातात एक्स-रेचे पाकीट, काखेत चादरीचे गाठोडे आणि चेहऱ्यावर काळजी, असे लोक फुटपाथवर बसलेले असतात. त्यांतल्या अनेकांच्या गळ्यात तुळशीची माळ असते.

आमच्या धंतोलीतल्या एकादशीच्या हरिपाठाला एक मुलगा येतो. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घर मूळचे वर्धा जिल्ह्यातले, आजी नेमाची वारकरी. गेल्या उन्हाळ्यात तो आठ आठवड्यांसाठी अशाच एका लहान कार्यालयात इंटर्न होता. तिथे रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर तयार करतात. त्याला दिलेले काम सांगायला सोपे होते. एकच रुग्ण कधी दोनदा नोंदला जातो. पहिल्या वेळी नावापुढे वडिलांचे नाव लिहिले, दुसऱ्या वेळी नाही, की त्याची दोन खाती तयार होतात आणि जुने रिपोर्ट सापडत नाहीत. अशी जोडखाती शोधून ती एक करायची, एवढेच काम.

मुलाने ते एआयला सांगितले. दोन मिनिटांत चाळीस-पन्नास ओळींचा कोड तयार होऊन आला. तपासणीसाठी त्याला शंभरेक नावे दिलेली होती. ती सगळी त्यातून बरोबर निघाली. त्याने ते काम संध्याकाळी पुढे पाठवले. तिथल्या ज्येष्ठ अभियंता बाईंनी ते उघडले आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारले, "ही ओळ इथे कशासाठी आहे?"

तो म्हणाला, "मॅडम, अशी ओळ असतेच सगळीकडे. पण चालतंय सगळं."

बाई म्हणाल्या, "चालतंय ते मलाही दिसतंय. पण उद्या हिच्यामुळे काही बिघडलं, तर मी कोणाला विचारू? तुलाच विचारणार ना? मग आज विचारते." आणि त्यांनी काम परत पाठवले.

त्या संध्याकाळी तो हरिपाठाला आला तेव्हा त्याचे टाळ नीट वाजत नव्हते. प्रसाद झाल्यावर मला म्हणाला, "काकाजी, काम तर चालून राहिलं होतं ना. सगळे असंच करतात. मग मी असं काय पाप केलं?"

त्याचा प्रश्न मी उडवून लावला नाही. लावू नयेच. कारण त्याच्या बाजूने बोलायला पुष्कळ आहे.

पहिली गोष्ट, या जगात कोण स्वतःचे सगळे स्वतः करतो? सुतार झाड लावत नाही, विणकर कापूस पिकवत नाही. सॉफ्टवेअरच्या धंद्यात तर दुसऱ्याने लिहून ठेवलेले घेऊनच पुढे जायचे असते. आणि आपण वारकरी तरी काय करतो? आपण गातो ते अभंग आपले नाहीत. हरिपाठ माउलींचा, गाथा तुकोबारायांची. कीर्तनकार दोन तास बोलतो. त्यातला मूळ अभंग संतांचा, दृष्टांत पूर्वसूरींचे, चाल परंपरेची. सारा संप्रदाय मिळालेल्या धनावर उभा आहे. मग उसने घेतले म्हणून एकट्या या पोरालाच दोष कसा द्यावा?

इथे थोडे थांबून पाहू. कीर्तनकार अभंग उसना घेतो हे खरे, पण घेतो कसा? एक, तो अभंगाच्या शेवटची संतांची नाममुद्रा जशीच्या तशी ठेवतो. ऐकणाऱ्याला पहिल्यापासून ठाऊक असते की हे शब्द कोणाचे आहेत. दोन, तो अभंग घेतला की त्याचे निरूपण करावे लागते. एकेक चरण उलगडावा लागतो, हा शब्द इथे का आला हे सांगावे लागते. समोर बसलेला एखादा जुना टाळकरी नंतर येऊन विचारतो, "महाराज, त्या चरणाचा अर्थ तुम्ही असा का लावला?" त्याला उत्तर द्यावेच लागते. तीन, त्या निरूपणाचे बरेवाईट त्याच्या माथी असते. चुकीचा अर्थ सांगून 'मला काय ठाऊक, मी तर असेच ऐकले होते' असे म्हणायची सोय नारदाच्या गादीवर नाही.

म्हणून तर आपल्याकडे या कामासाठी एवढी मोठी उमेदवारी आहे. जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथला अभ्यासक्रम चार वर्षांचा. अभंग पाठ करायला कदाचित इतकी वर्षे लागणार नाहीत. ती लागतात पाठ झालेले पचवायला, गुरुजनांपुढे मांडायला, चुकायला आणि पुन्हा मांडायला. तेव्हा उसने घेण्यात दोष नाही. कोणाचे घेतले ते सांगावे, घेतलेले समजून घ्यावे आणि त्याबद्दल विचारले तर उत्तर द्यायला जागेवर असावे. या तीन अटी पाळल्या की उसने घेतलेलेही आपले होते. त्या मुलाने एआयची मदत घेतली यात काही बिघडले नव्हते. तिन्ही अटी मात्र सुटल्या होत्या, आणि बाईंच्या एका साध्या प्रश्नात तिन्ही एकदम उघड्या पडल्या.

आता दुसरी गोष्ट. ही शंका आपल्यातल्याच कोणाला तरी येईल, आणि ती अधिक अवघड आहे. आपल्या दिंडीत अशा कितीतरी माउल्या असतात की ज्यांना अक्षरओळख नाही. त्या हरिपाठ तोंडपाठ म्हणतात. त्यातल्या अवघड शब्दांचा अर्थ विचारला तर हसून म्हणतील, "मला नाही माहीत बापा, पण म्हटल्यावर बरं वाटते." त्यांचा तो पाठ वाया जातो का? कोणताही वारकरी 'हो' म्हणणार नाही. भोळ्या भावाला आपल्या मार्गात मान आहे. अर्थ कळला नाही तरी नाम आपले काम करते, असे आपण मानतो. मग नामाच्या बाबतीत 'कळत नाही पण चालते' हे जर गोड, तर संगणकाच्या बाबतीत तेच वाईट कसे?

मला वाटते, या शंकेचे उत्तर शोधताना पाहावे लागते ते एवढेच की न कळण्याचा भार कोणावर पडतो. ती माउली नाम घेते तेव्हा तिच्या अज्ञानाचा भार कोणावरही पडत नाही. पडलाच तर तो देव उचलतो, आणि त्याची उचलायची तयारी आहे असे सगळे संत सांगतात. पण तीच माउली दिंडीत शंभर माणसांचा स्वयंपाक करते तेव्हा? तेव्हा ती पीठ चाळून घेते, तेलाचा वास घेऊन पाहते, उघडे राहिलेले दूध टाकून देते. तिथे ती 'चालते' म्हणत नाही. कारण ते दुसऱ्याच्या पोटात जायचे आहे. तिला कोणी हे तत्त्वज्ञान शिकवलेले नाही, पण देवापुढे भोळे असावे आणि दुसऱ्याच्या ताटापुढे जाणते असावे, हे ती रोज जगते.

संत गोरोबाकाकांचे चरित्र या जागी आठवते. नामात रंगून ते चिखल तुडवत होते आणि रांगत आलेले त्यांचे स्वतःचे मूल त्या चिखलात पायाखाली गेले. ही कथा आपण गोरोबांच्या तल्लीनतेचे वर्णन म्हणून ऐकतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या आईच्या बाजूनेही ती एकदा ऐकावी. तल्लीनता वडिलांची होती, भार मुलावर पडला. पुढे देवाने ते मूल परत दिले म्हणून कथेचा शेवट आनंदाचा झाला. आपल्या पायाखाली जे तुडवले जाईल ते परत मिळेल, अशी हमी आपल्याला कोणी दिलेली नाही. म्हणून आपण, जे गोरोबा नाही आहोत, त्यांनी काम करताना खाली पाहिले पाहिजे.

त्या मुलाच्या चिखलात कोण होते, हे त्याला पुढच्या दोन दिवसांत कळले. काम परत आल्यावर तो चिडून का होईना, पण एकेक ओळ वाचायला बसला. बाईंनी बोट ठेवलेली ओळ काय करत होती? नावातले टिंब, रेघ, मोकळी जागा असा कचरा काढून टाकावा, म्हणून तिने सांगितले होते की इंग्रजी अक्षरांखेरीज बाकी सगळे पुसून टाक. तपासणीची शंभर नावे इंग्रजीत होती, म्हणून सगळे बरोबर आले. त्याने सहज म्हणून आपल्या आजीचे नाव देवनागरीत लिहून पाहिले. नाव पूर्ण पुसले गेले. खाली काही उरले नाही. मग आजीबरोबर वारीला जाणाऱ्या दुसऱ्या एका म्हातारीचे नाव लिहिले. तेही पुसले गेले. दोन्ही जागा रिकाम्या, आणि रिकामे रिकाम्यासारखेच दिसते, म्हणून संगणकाने ठरवले की नावे एकच.

तरीही जन्मतारखेवरून दोघी वेगळ्या ओळखू येतील, असे त्याला वाटले. पण आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांची जन्मतारीख कोणी लिहून ठेवली होती? अनेकांच्या कागदावर वर्ष अंदाजाने आणि तारीख १ जानेवारी असते. त्या दोघींचेही तसेच होते. वर्षही एकच. बाई दोन्ही ठिकाणी स्त्री. झाले, त्या कोडच्या हिशेबाने दोन म्हाताऱ्यांची एक म्हातारी झाली. एकीला पेनिसिलिन चालत नसेल आणि दुसरीला चालत असेल, एकीला साखरेचा आजार असेल आणि दुसरीला नसेल, तरी दोघींचे खाते एक. डॉक्टर समोरचा पडदा पाहून औषध लिहिणार.

परमार्थात आपण अभेद मानतो. सर्वांभूती एकच नारायण पाहावा हे आपले ध्येय. पण दवाखान्याच्या खिडकीवर दोन माणसे दोनच राहिली पाहिजेत. तिथे प्रत्येकीला तिच्या नावाने, तिच्या दुखण्यासह, वेगळे ओळखणे हाच नारायणाचा आदर.

ते काम रुग्णालयात गेले नाही. चूक कार्यालयातच सापडली, मुलाने ती स्वतः दुरुस्त केली आणि तपासणीच्या यादीत देवनागरी नावेही घातली. कोणाला इजा झाली नाही. पण अशी चूक सापडली नाही तर काय होते, याचा दाखला जगात आहे आणि तो सॉफ्टवेअर शिकणाऱ्या पुष्कळ मुलांना आजही शिकवतात. कर्करोगावर किरणोपचार करणारे थेरॅक-२५ नावाचे एक यंत्र कॅनडातल्या सरकारी कंपनीने बनवले होते. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात या यंत्राने सहा रुग्णांना ठरल्यापेक्षा कितीतरी पट अधिक किरण दिले. त्यांतले काही दगावले. असे होणे शक्यच नाही, असे बनवणाऱ्यांचे सुरुवातीचे म्हणणे होते.

टेक्सासमधल्या टायलर गावच्या रुग्णालयात १९८६ मध्ये लागोपाठ दोन घटना घडल्या. तिथले भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर आणि यंत्र चालवणारी बाई यंत्रापुढे बसून राहिले. त्या दिवशी कोणती कळ आधी दाबली, कोणती नंतर, किती वेगाने, हे पुन्हापुन्हा करून पाहिले. शेवटी कळले की चुकून दाबलेले अक्षर चटकन दुरुस्त केले की पडद्यावर दुरुस्ती दिसते, पण यंत्र आतून चुकीच्याच अवस्थेत राहते. पुढचे ऐकण्यासारखे आहे. या यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच्या यंत्रांतला काही भाग उसना घेतला होता. आधीच्या थेरॅक-२० मध्येही हीच चूक दडलेली होती. तिथे ती कोणाला बाधली नाही, कारण त्या यंत्रात वेगळी लोखंडी कुलुपे म्हणावीत अशी सुरक्षा होती. चूक झाली की यंत्र आपोआप बंद पडे. शिकागोच्या विद्यापीठात तर असे लक्षात आले की नवे विद्यार्थी थेरॅक-२० शिकायला आले की त्याचे फ्यूज वारंवार उडतात. नवशिक्यांची बोटे वेडीवाकडी चालत, आणि दडलेली चूक वर येई. नव्या यंत्रातून ती कुलुपे काढली गेली, आणि उसने घेतलेल्या भागातली चूक थेट माणसाच्या देहापर्यंत पोचली.

जुने 'चालत' होते ते दुसरेच कोणी ते सांभाळून धरत होते म्हणून. हे समजून न घेता उचलले, आणि सांभाळणारा हात गेला. आपल्या रोजच्या जगण्यातही कितीतरी गोष्टी अशाच चालत असतात. घर चालते ते आपल्या कर्तबगारीने असे आपल्याला वाटते, आणि आई अंथरुणाला खिळली की कळते कोणाच्या हातावर चालले होते.

आता त्या बाईंविषयी. त्यांनी काम परत पाठवले याचा मुलाला राग आला होता. मला या ठिकाणी पुन्हा गोरोबाकाकाच आठवतात. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईंनी थापटण्याकडे बोट दाखवून विचारले, हे काय? गोरोबा म्हणाले, याने मडके कच्चे की पक्के ते कळते. मग मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले. बाकीचे शांत बसले. नामदेवराय मात्र दुखावले, आणि मडके कच्चे ठरले. ज्यांच्याशी प्रत्यक्ष विठ्ठल बोले, ते कच्चे! नामदेवरायांना ते सोसले नाही. ते देवाकडे तक्रार घेऊन गेले, आणि देवाने त्यांना औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे धाडले. देवाचे लाडके असूनही त्यांना उमेदवारी चुकली नाही.

कच्चे म्हणणे हा त्यांचा अपमान नव्हता. मडके कच्चे असते म्हणूनच अजून भट्टीत जाऊ शकते. थापटण्याची चोट सोसून नामदेवराय पुढे किती लांब गेले ते आपण जाणतो. पंजाबात घुमानपर्यंत त्यांचे नाव आहे आणि गुरू ग्रंथ साहिबमध्ये त्यांची ६१ पदे आहेत. भर सभेत ज्यांना कच्चे म्हटले, त्यांची वाणी दुसऱ्या भाषेच्या, दुसऱ्या पंथाच्या लोकांनीही शिरोधार्य मानली.

पण या कथेतला अर्धा धडा थापटणे हातात असणाऱ्यांसाठी आहे. कुंभार मडके घडवताना बाहेरून थापटतो तेव्हा आतून त्याचा दुसरा हात आधाराला असतो. तो हात नसेल तर मडके फुटेल. उमेदवाराला कामावर घ्यायचे, त्याच्याकडून भराभर काम उरकून घ्यायचे, आणि त्याने काय केले ते वाचायलाही वेळ द्यायचा नाही, अशीही कार्यालये आहेत. प्रमाणपत्रावर शिक्का आहे की नाही एवढेच पाहणारी कॉलेजेही आहेत. आठ आठवड्यांत काहीतरी दाखवले नाही तर पुढे नोकरी नाही, या धास्तीत मूल 'चालतंय ना' म्हणायला शिकते. त्या खोटेपणात त्याचा वाटा आहे, पण तो एकट्याचा नाही. त्या बाईंनी संध्याकाळची आपली दहा मिनिटे दिली, ओळ वाचली आणि प्रश्न विचारला. दुसऱ्या दिवशी तो अडला तेव्हा शेजारी खुर्ची ओढून बसल्या. आतला हात म्हणतात तो हाच. शिकवणाऱ्याने एवढे केले नाही, तर पुढच्या चुकीत त्याचाही वाटा.

आणि थापटणे आपल्या घरांतही हवे. मूल इंटर्नशिपवरून घरी आले की आपण काय विचारतो? "किती देतात रे?" "पुढे तिथेच नोकरी लागेल का?" हे प्रश्न प्रपंचाचे आहेत, त्यांत वावगे काही नाही. पण त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा: "बाबू, आज जे केलंस ते मला समजावून सांगशील?" आजीला कोड कळणार नाही. पण सांगताना नातू कुठे अडखळतो ते तिला नक्की कळेल. सत्तर वर्षे कीर्तन ऐकलेल्या कानाला, बोलणाऱ्याला विषय कळला आहे की नुसता पाठ आहे, हे पहिल्या चरणातच उमगते.

'मला माहीत नाही' हे वाक्य म्हणायला धैर्य लागते. नवख्या माणसाला तर फारच. त्याला वाटते, असे म्हटले की आपली किंमत गेली. खरे पाहता तेवढे एक वाक्य ज्याला म्हणता येते, त्याच्या 'मला माहीत आहे' या वाक्यावर विसंबता येते. ज्याला ते म्हणता येत नाही, त्याच्या दोन्ही वाक्यांचे मोल सारखेच, म्हणजे काहीच नाही. परमार्थातही साधकाची वाट इथूनच सुरू होते. विसोबांपुढे नामदेवराय गेले ते जाणते म्हणून नाही.

तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नाला, पाप काय झाले या प्रश्नाला, माझे उत्तर असे. एआयला विचारले यात पाप नाही. समजले नाही यातही पाप नाही. उमेदवाराला समजलेले नसतेच, म्हणून तर तो उमेदवार. न समजलेले समजल्यासारखे दाखवून, त्याचा भार जिला काहीच ठाऊक नाही अशा फुटपाथवर बसलेल्या म्हातारीवर टाकणे, हे मात्र पाप आहे. ते पूर्ण घडण्याच्या आत एका प्रश्नाने अडवले, ही पांडुरंगाची कृपा समजावी.

आपल्या घरातल्या प्रत्येक उमेदवाराला असा प्रश्न विचारणारे कोणीतरी मिळो, आणि आपल्यालाही उतारवयात मिळत राहो, कारण देवाच्या दारात आपली उमेदवारी अजून संपलेली नाही.

राम कृष्ण हरी.